शिक्का कोणाचा? होडिनोशोनी टीमचा न झालेला मँचेस्टर दौरा

जुलै २०१०. न्यूयॉर्कमधल्या एका हॉटेलात होडिनोशोनी या उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासी महासंघाच्या टीमचे तेवीस खेळाडू बॅगा भरून बसले होते. मँचेस्टरला लॅक्रॉसची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा, पहिलाच सामना यजमान इंग्लंडशी. ठरलेलं विमान निघून गेलं आणि टीम मागे राहिली. पासपोर्ट सगळ्यांकडे होते. पण ते देणारं राज्य जगाच्या नकाशात वेगळ्या रंगाने दाखवलेलं नसतं, त्यामुळे त्या पासपोर्टवरचा प्रवास चालवून घ्यायचा की नाही यावर अमेरिका आणि ब्रिटन या दोन सरकारांचं घोडं अडलं होतं.

ग्रामसभांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात मी हे प्रकरण बरीच वर्षं सांगत आलो आहे. आदिवासी स्वशासन म्हटलं की आपल्याकडे बोलणं लगेच जमीन आणि जंगलावर जातं, आणि ते बरोबरच आहे. पण स्वशासनात एक कागदाचा प्रश्नही असतो. आपण दिलेला कागद दुसऱ्याने मानायचा की नाही, आणि नाही मानला तर आपण काय करायचं? त्या आठवड्यात हा प्रश्न ऐन विशीतल्या पोरांसमोर येऊन उभा राहिला. त्यांची नावं इथे मुद्दाम घेतलेली नाहीत. बाकी माणसं आणि घटना सार्वजनिक नोंदीतल्या आहेत.

पार्श्वभूमी

होडिनोशोनी म्हणजे लांबघरातले, अनेक कुटुंबांच्या सामायिक लांबट घरातले लोक. फ्रेंचांनी त्यांना इरोक्वॉय म्हटलं आणि पुस्तकांतून तेच नाव रूढ झालं. मोहॉक, ओनाइडा, ओनोंडागा, कायुगा आणि सेनेका ही मूळची पाच राष्ट्रं. १७२२ च्या सुमारास दक्षिणेकडून आलेले टस्करोरा त्यांना मिळाले आणि महासंघ सहा राष्ट्रांचा झाला. आजचं न्यूयॉर्क राज्य आणि सीमेपलीकडचे ऑन्टारिओ, क्वेबेक या भागांत त्यांचे मुलूख विखुरलेले आहेत. अक्वेसासने नावाच्या मोहॉक मुलखाच्या तर मधूनच अमेरिका-कॅनडाची सीमा जाते. मुलूख आधीचा, रेघ नंतरची. भामरागडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. त्याची सोयरीक नदीपलीकडे छत्तीसगडात असतेच.

या महासंघाचा कारभार समजल्याशिवाय पुढचा हट्ट समजणार नाही. कूळ आईकडून चालतं. महासभेत पन्नास प्रमुखांची पदं आहेत आणि त्या पदावर कोण बसणार हे कुळातली ज्येष्ठ बाई, म्हणजे कुळमाता, ठरवते. प्रमुख वाकडा वागू लागला तर त्याला समज देणं आणि शेवटी त्याला उतरवणं हेही तिच्याच हातात. पदाची खूण हरणाची शिंगं. पद गेलं की ‘शिंगं उतरवली’ असं म्हणतात. महासभेची शेकोटी ओनोंडागांकडे, सिराक्यूज शहराच्या दक्षिणेला. विषय आधी मोहॉक आणि सेनेका यांच्याकडे जातो, मग ओनाइडा आणि कायुगा यांच्याकडे, आणि तिथून ओनोंडागांकडे. हात वर करून मोजणी होत नाही. एकमत होईपर्यंत बोलायचं, नाही झालं तर विषय बाजूला ठेवायचा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाच्या सर्वसहमतीची ज्यांना सवय आहे ते इथे मान डोलावतात.

बाहेरच्यांशी नातं कसं ठेवायचं याची त्यांची कल्पना एका पट्ट्यात विणलेली आहे. शिंपल्यांच्या मण्यांचा हा पट्टा: पांढऱ्या जमिनीवर दोन समांतर जांभळ्या ओळी. परंपरेने त्याचं साल १६१३ सांगतात आणि तो डचांशी झालेल्या कराराचा मानतात, इतिहासकार त्या सालावर वाद घालतात. अर्थ मात्र सोपा आहे. एकाच नदीतून त्यांची होडी आणि गोऱ्यांचं जहाज शेजारी शेजारी चालेल. कुणी दुसऱ्याचं सुकाणू धरायचं नाही. १७९४ साली अमेरिकेने त्यांच्याशी कॅनन्डेग्वा इथे तह केला. त्या तहाप्रमाणे अमेरिकी सरकार आजही दरवर्षी त्यांना कापड पाठवतं. वाटणीला फारसं येत नाही, पण हे लोक ते घेणं सोडत नाहीत. कापड येतं आहे तोवर तह जिवंत आहे, आणि तह राष्ट्राराष्ट्रांत होतात, सरकार आणि त्याच्या प्रजेत नाही, हा त्यामागचा हिशोब.

म्हणूनच १९२४ मध्ये अमेरिकेने सगळ्या मूलनिवासींना एका कायद्याने नागरिक करून टाकलं तेव्हा या महासंघाने ते मानलं नाही. त्याच्या आदल्या वर्षी, १९२३ मध्ये, ऑन्टारिओतल्या ग्रँड रिव्हर मुलखाचे कायुगा प्रमुख देस्काहे कॅनडाविरुद्धची तक्रार घेऊन राष्ट्रसंघाकडे जिनिव्हाला गेले होते, तेही महासंघाच्या पासपोर्टवर. राष्ट्रसंघाने त्यांना दाद दिली नाही. १९२४ मध्ये कॅनडाने ग्रँड रिव्हरची परंपरागत सभा बाजूला सारून तिथे निवडणुकीची कौन्सिल बसवली. पुढे १९७७ मध्ये मूलनिवासींचं एक शिष्टमंडळ संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हा कार्यालयात गेलं, तेव्हा होडिनोशोनी पुन्हा आपलेच पासपोर्ट घेऊन गेले. तेव्हापासून हे पासपोर्ट सातत्याने वापरात होते, आणि अनेक देशांनी ते कधी डोळे झाकून, कधी सौजन्य म्हणून चालवूनही घेतले.

खेळ आणि टीम

लॅक्रॉस हा त्यांचाच खेळ. टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलायचा, पळवायचा, फेकायचा. आज सगळीकडे ॲल्युमिनियम आणि प्लास्टिकच्या काठ्या दिसतात. मूळ काठी हिकरीच्या लाकडाची. ओंडका उभा फोडायचा, पट्टी तासायची, वाफेवर मऊ करून टोक वाकवायचं, आणि मग ती वाळायला ठेवून द्यायची, महिनोन्‌महिने. घाई केली तर वाक सुटतो. त्यानंतर जाळी विणायची. मुलगा जन्मला की पाळण्यात छोटी काठी ठेवतात आणि माणूस गेला की काठी सोबत देतात. पुढच्या लोकात पोचल्यावर खेळायचं असतं ना.

गावात कुणी आजारी पडलं की त्याच्यासाठी हा खेळ मांडतात. त्यात लाकडाचीच काठी चालते. खेळाडूंची संख्या ठरलेली नसते. किती गोल झाले की थांबायचं ते आधी ठरवून घेतात. निर्मात्याला आवडणारा खेळ, असं ते म्हणतात. मैदानावरची टक्कर आणि लांबघरातला विधी यांच्यात भिंत नाही. आपल्याकडे वारी आणि चालण्याची शर्यत यांतला फरक कुणाला विचारावा लागत नाही, तसंच काहीसं.

एकोणिसाव्या शतकात कॅनडातल्या गोऱ्यांनी खेळाचे नियम लिहून काढले, आणि १८८० मध्ये तिथल्या संघटनेने मूलनिवासींनाच स्पर्धांतून बाहेर ठेवलं. ते पैसे घेऊन खेळतात, हे कारण. म्हणजे खेळ त्यांचा, मैदानही बहुधा त्यांचंच, आणि बाहेर बसायचं त्यांनी! शंभर वर्षांनी, १९८३ मध्ये, ओनोंडागांचे ओरेन लायन्स आणि त्यांच्या साथीदारांनी सहा राष्ट्रांची मिळून एक टीम उभी केली. लायन्स स्वतः सिराक्यूज विद्यापीठाचे नामवंत गोलरक्षक, आणि समाजात धर्मपरंपरा राखणाऱ्यांपैकी एक. काही वर्षांत लॅक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने टीमला सदस्य करून घेतलं, १९९० मध्ये ती पर्थच्या जागतिक स्पर्धेत उतरली. एखाद्या मूलनिवासी राष्ट्रसमूहाची टीम स्वतःच्या झेंड्याखाली जागतिक स्पर्धेत खेळते, हे अपूर्वच होतं. मुद्दा लक्षात घ्या: क्रीडा संघटनेने त्यांना राष्ट्र मानलं होतं, परराष्ट्र खात्यांनी नाही. ही फट वीस वर्षं कुणाला टोचली नाही.

अडचण

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेने सीमेवरच्या कागदपत्रांचे नियम आवळायला सुरुवात केली. २००४ मध्ये कायदा झाला, आणि जून २००९ पासून कॅनडा-मेक्सिकोच्या जमिनीवरच्या सीमेवरसुद्धा सुरक्षित, यंत्राने तपासता येणारी कागदपत्रं लागू लागली. होडिनोशोनी पासपोर्टवर काही मजकूर हाताने लिहिलेला होता. नव्या युगाचे होलोग्राम वगैरे त्यात नव्हते. महासंघाची पासपोर्ट समिती नवी, सुरक्षित पुस्तिका तयार करण्याच्या कामाला लागली होती, त्यावर बराच पैसाही खर्च झाला होता, पण २०१० च्या जुलैपर्यंत ती तयार नव्हती.

हस्तलिखित पासपोर्ट म्हटल्यावर कुणी हसू नये. आपल्याकडेही ते होते. आंतरराष्ट्रीय नियमाने असे पासपोर्ट २४ नोव्हेंबर २०१५ नंतर बाद होणार होते, आणि त्याच्या वर्षभर आधी भारतात सुमारे २ लाख ८६ हजार हस्तलिखित पासपोर्ट चलनात होते. आपल्यामागे मात्र पासपोर्ट कार्यालय होतं; नवा करून घ्या म्हणाले, लोकांनी करून घेतले.

ब्रिटनच्या अधिकाऱ्यांनी आधी एक अट घातली. या लोकांना परत अमेरिकेत घेतलं जाईल, असं अमेरिकेने लेखी द्यावं. पाहुणा आत घ्यायचा आणि मग त्याला परत पाठवता आलं नाही तर काय, ही त्यांची भीती. अमेरिकेने सुरुवातीला तसं लिहून द्यायला नकार दिला आणि वर मदतीचा हात म्हणून सुचवलं: आमचे पासपोर्ट तातडीने काढून देतो, ते घेऊन जा.

पर्याय

शिबिरात इथे मी थांबतो आणि विचारतो, तुम्ही काय केलं असतं? बहुतेकांचं पहिलं उत्तर असतं, घ्यायचा ना पासपोर्ट, खेळून यायचं, भांडण नंतर. हा पर्याय खरंच समोर होता. कायद्याने अमेरिकेच्या बाजूचे खेळाडू अमेरिकेचे नागरिक ठरत होते, कॅनडाच्या बाजूचे कॅनडाचे. एक-दोन दिवसांत निळ्या पुस्तिका हातात आल्या असत्या. चार वर्षांनी येणारी स्पर्धा, पदकाची आशा असलेली टीम. एकेकाचं खेळण्याचं वय किती असतं?

पण जरा खोलात जाऊन पाहा. टीम सहा राष्ट्रांच्या महासंघाची म्हणून स्पर्धेत होती. विमानतळावर अर्धे अमेरिकी आणि अर्धे कॅनेडियन म्हणून उतरले असते, तर मैदानात उतरणारी टीम कुठल्या देशाची? पुढच्या वेळी कुणीही अधिकारी म्हणाला असता, २०१० मध्ये चाललं की तुम्हाला, मग आत्ता काय झालं? सवलत एकदा घेतली की तो पायंडा पडतो, आणि पायंडा पुढे कायद्यापेक्षा चिवट निघतो.

दुसरा एक मधला रस्ता दिसत होता. खिशात अमेरिकी पासपोर्ट ठेवायचा, काउंटरवर तो दाखवायचा, आणि कॅमेऱ्यासमोर आपला उंच धरायचा. व्यवहारी माणसाला हा पटतो. मला स्वतःला तो सगळ्यांत वाईट वाटतो. यात आपला पासपोर्ट आपणच शोभेची वस्तू करून टाकतो.

तिसरा मार्ग सूट मागण्याचा. पासपोर्ट आमचाच, पण या एका वेळेपुरता तो चालवून घ्या. आणि चौथा, न जाण्याचा.

टीमची जाहीर भूमिका पहिल्या दिवसापासून एकच होती: गेलो तर आमच्या पासपोर्टवर, नाहीतर नाही. म्हणजे पहिला आणि दुसरा पर्याय त्यांच्यापुरता बाद होता. आठवडाभर सगळी धडपड तिसऱ्यासाठी झाली आणि शेवट चौथ्यावर झाला.

काय केलं

टीम घरी परतली नाही, न्यूयॉर्कमध्येच राहिली. हा निर्णय वरवर वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. घरी गेले असते तर बातमी एका दिवसात विझली असती. विमानतळाच्या आसपास थांबल्यामुळे रोज प्रश्न उभा राहत गेला: आज जाणार का? रोज पत्रकार, रोज सराव, रोज हॉटेलचं बिल. खर्च चढत चालला तेव्हा दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन यांनी पन्नास हजार डॉलर दिले. न्यूयॉर्कमधल्या लोकप्रतिनिधींनी परराष्ट्र खात्याकडे शब्द टाकला.

१४ जुलैला, म्हणजे पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी, परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांच्या खात्याने सूट दिली. फक्त एका वेळेपुरती. या पासपोर्टवर गेलेल्यांना परत आत घेऊ. ब्रिटनने मागितलेली हमी हीच होती. टीममध्ये आनंद झाला, आता फक्त व्हिसा. आणि काही तासांतच ब्रिटनने नकार कळवला. आम्ही वैध मानतो असाच कागद हवा, नाहीतर आम्हाला तपासणीच करता येत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. अमेरिकी किंवा कॅनेडियन पासपोर्ट आणा.

म्हणजे पहिली अट पुरी झाल्यावर दुसरी पुढे आली. सरकारी कार्यालयात ज्याने चार फेऱ्या मारल्या आहेत त्याला हे नवं नाही. एक दाखला आणा म्हणतात, तो आणला की दुसरा.

गंमत पाहा. मूलनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा संयुक्त राष्ट्रांनी १३ सप्टेंबर २००७ ला मंजूर केला तेव्हा विरोधात मत देणारे देश चारच होते: अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. ब्रिटनने बाजूने मत दिलं होतं. त्या जाहीरनाम्याचं एकतिसावं कलम मूलनिवासींच्या वारशात पारंपरिक खेळांचा स्पष्ट उल्लेख करतं, आणि छत्तिसावं सीमेने तोडलेल्या समाजांच्या येण्याजाण्याबद्दल बोलतं. जुलै २०१० मध्ये अमेरिकेने अजून त्याला पाठिंबा दिलेला नव्हता. तो त्याच वर्षी डिसेंबरात दिला. म्हणजे विरोधात मत देणाऱ्याने अखेर वाट मोकळी केली आणि बाजूने मत देणाऱ्याने दार लावून घेतलं. जाहीरनामा बंधनकारक नसतो, हे ब्रिटनचं म्हणणं कायद्याने बरोबरच होतं.

इंग्लंडबरोबरचा सामना टीमने मैदानात न उतरताच गमावला. अव्वल गटातली त्यांची जागा जर्मनीला मिळाली. एक-दोन दिवस आशा धरून टीम परत फिरली. खेळाचा शोध ज्यांनी लावला त्यांच्याविना जागतिक स्पर्धा पार पडली, अमेरिकेने कॅनडाला हरवून ती जिंकली.

परिणाम

तात्काळ हिशोब केला तर सगळं तोट्याचं. सामने नाहीत, पदक नाही, पैसा गेला, आणि काही खेळाडूंची ती शेवटची संधी असणार.

पण त्या आठवड्यात होडिनोशोनी हे नाव जितक्या लोकांनी वाचलं तितकं पदक जिंकूनही वाचलं गेलं नसतं. आणि टीम मोडली नाही. २०१४ मध्ये डेनव्हरला कांस्य, २०१८ मध्ये इस्रायलमध्ये पुन्हा कांस्य. इस्रायलच्या वेळीही शेवटच्या घटकेपर्यंत पासपोर्टची ओढाताण झाली, पण त्या वेळी प्रवेश मिळाला.

सगळ्यांत बोलकी गोष्ट २०१५ ची. त्या वर्षी बंदिस्त मैदानातल्या लॅक्रॉसची जागतिक स्पर्धा ओनोंडागांच्या मुलखातच भरली. मँचेस्टरच्या दारातून परत फिरलेले आता यजमान होते, आणि आलेल्या पाहुण्यांच्या पासपोर्टवर त्यांनी आपला शिक्का मारून दिला. कायद्याने त्या शिक्क्याला काय किंमत आहे विचाराल तर काही नाही. पण ज्याच्या पासपोर्टवर तो उमटला त्याने तो घरी नेऊन दाखवला असणारच.

त्याच वर्षीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुलींची एकोणीस वर्षांखालची जागतिक स्पर्धा स्कॉटलंडमध्ये होती. तिथेही ब्रिटन, तिथेही हाच पासपोर्ट, आणि तिथेही टीमला जाता आलं नाही. म्हणजे पाच वर्षांत त्या एका दारापुरतं काहीच बदललं नव्हतं. मुलांच्या बातमीला जेवढी जागा मिळाली तेवढी मुलींच्या बातमीला मिळाली नाही, हेही आलंच.

निर्णयाच्या जागा, आणि काय वेगळं करता आलं असतं

एका शिबिरात एका तरुणाने विचारलं होतं, “तत्त्व महासंघाचं, पण स्पर्धा त्या पोरांची गेली ना? मग ठरवायचं कोणी?” प्रश्न नेमका आहे. जे गमावणार आहेत त्यांचा होकार आधी घेतला असेल तरच असा निर्णय टिकतो. या टीमचे खेळाडू एकत्र राहिले, कुणी वेगळा पासपोर्ट काढून पुढे गेला नाही, त्यावरून होकार खरा होता असं मी धरतो. पण तो होकार विमानतळावर मागायचा नसतो. टीममध्ये नाव नोंदवतानाच सांगायला हवं: प्रवास या पासपोर्टवर होईल, आणि तो अडला तर आपण जाणार नाही. चालेल?

पासपोर्टच्या पुस्तिकेबाबत मी महासंघाला सोडणार नाही. २००४ चा कायदा आणि २००९ ची तारीख आधीपासून माहीत होती. देस्काहेंपासून मोजलं तर तत्त्व सत्त्याऐंशी वर्षं सांभाळलं, आणि ते ज्या पुस्तिकेवर छापायचं ती वर्षभराने मागे पडली. एकमताने चालणाऱ्या कारभाराची ही नेहमीची दुखरी जागा आहे. मोठं काय ते ठरवताना घाई होत नाही म्हणून निर्णय पक्का होतो. पण छपाई, ठेका, तारीख, कोण कधी देणार, या कामांनाही तोच वेग लागला तर काम बुडतं. काठी वाळायला महिने द्यावे लागतात, छापखान्याला मात्र तारीख द्यावी लागते. हे काम महासभेने एका छोट्या गटाला मुदत घालून सोपवायचं असतं, आणि रोज विचारायचंही नसतं.

त्यातही न्याय करायचा तर एक शंका उरते. पुस्तिका नवीकोरी, होलोग्रामवाली असती, तरी ब्रिटनने मानली असती का? मला तसं वाटत नाही. नकाराचं कारण सुरक्षेचं सांगितलं गेलं, पण मुद्दा पासपोर्ट देणाऱ्याचा होता. तरीही पुस्तिका तयार असती तर सुरक्षेचं कारण पुढे करता आलं नसतं, आणि खरा नकार खऱ्या कारणासकट द्यावा लागला असता. समोरच्याची सोयीची सबब काढून घेणं, एवढं तरी आपल्या हातात असतं.

तिसरी जागा मला जास्त महत्त्वाची वाटते आणि तिच्याबद्दल कमी बोललं गेलं. स्पर्धा भरवणारी आंतरराष्ट्रीय संघटना. तिने या टीमला सदस्य करून घेतलं, म्हणजे राष्ट्र मानलं. मग यजमानपद देताना सर्व सदस्य टीमांना त्यांच्या कागदांवर प्रवेश मिळेल अशी लेखी हमी यजमान देशाच्या सरकारकडून आधीच घ्यायला हवी होती. स्पर्धेचं ठिकाण कितीतरी आधी ठरतं. तेव्हा मागितली असती तर ब्रिटनला हो म्हणावं लागलं असतं किंवा नाही म्हणायला वेळ मिळाला असता, आणि स्पर्धाच दुसरीकडे नेता आली असती. ऐन वेळी सगळं ओझं टीमच्या खांद्यावर आलं आणि संघटनेने नियमावर बोट ठेवून जर्मनीला पुढे सरकवलं.

सूट घेण्याबद्दल माझं मत बदलत आलं आहे. आधी वाटायचं, ‘एका वेळेपुरती’ सूट घेतली म्हणजे आपला कागद सूट घेण्याजोगा कच्चा आहे हे मान्य केलं. आता तसं वाटत नाही. ज्या अमेरिकेने आधी लेखी द्यायला नकार दिला तिला त्यांनी चार दिवसांत लेखी द्यायला लावलं. अर्धा रुपया हाती आला तर घ्यावा. उरलेला अर्धा सोडून दिला असं लिहून देऊ नये म्हणजे झालं.

आपल्याकडचा कागद

हे प्रकरण ऐकून शिबिरातली माणसं हटकून एका कागदाकडे वळतात, आणि तो पासपोर्ट नसतो. तो बांबूचा वाहतूक परवाना असतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी गावांना दिली. मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू जंगलाबाहेर न्यायचा तर परवाना वन विभागाचा लागायचा आणि तो मिळत नव्हता. हक्क गावाचा, पण शिक्का साहेबाचा! शेवटी २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पासबुक ग्रामसभेच्या हातात आलं. त्या दिवशी गावाला नवं जंगल मिळालं नाही, जंगल होतंच. मिळाली ती पुस्तिका, जिच्यावर सही ग्रामसभेची.

तुलना ताणू नये. मेंढा-लेखाची लढाई भारतीय कायद्याच्या आतली, होडिनोशोनींची दुसऱ्याच्या कायद्याबाहेर उभं राहण्याची. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेतला पहिला अर्धा भाग होडिनोशोनी कधीच म्हणणार नाहीत.

पुढे

२०२२ च्या बर्मिंगहॅम, अलाबामा इथल्या वर्ल्ड गेम्समध्ये या टीमला आधी जागाच नव्हती, कारण तिच्यामागे ऑलिंपिक समिती नाही. तेव्हा आयर्लंडने आपली जागा सोडून ती त्यांना दिली. त्याच २०२२ मध्ये टीमने इरोक्वॉय हे नाव टाकून होडिनोशोनी हे नाव घेतलं. २०२३ च्या ऑक्टोबरात लॅक्रॉस २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये येणार हे ठरलं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं म्हणणं असं, की राष्ट्रीय ऑलिंपिक समिती असलेल्या देशांच्याच टीमा येऊ शकतात. होडिनोशोनी खेळाडूंना अमेरिकेकडून किंवा कॅनडाकडून खेळायला कुणी अडवलेलं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडेन यांनी जाहीरपणे त्यांच्या बाजूने शब्द टाकला.

म्हणजे पहिला पर्याय पुन्हा टेबलावर आहे. २०१० मध्ये त्याला नाही म्हणायला आठवडा मिळाला होता, या वेळी काही वर्षं मिळाली.